अन्यायाचा पत्ता

‘त्याला कंपनीनेच घडवलं.’ फ्रान्समधल्या गाब्रिएल फोर्तां याचा विषय निघाला की हे वाक्य ठरल्यासारखं येतं. नोकरी गेलेला इंजिनिअर, वर्षानुवर्षं साठलेला राग आणि शेवटी पिस्तूल. ऐकायला हे कामगाराच्या बाजूचं वाटतं. पण नोकरी गेलेल्या प्रत्येक माणसाचा यात अपमान आहे, म्हणून ते मला खोडून काढायचं आहे.

आधी घडलं काय ते पाहू. २६ जानेवारी २०२१ची संध्याकाळ. आल्सासमधल्या वोल्फगांट्झेन गावी कामावरून घरी निघालेल्या एका बाईला तिच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये गोळी घालून ठार केलं गेलं. त्याच संध्याकाळी त्याच भागात एका गृहस्थाची बेल वाजली. दारात हातात पिझ्झाचा खोका घेतलेला माणूस. त्याने गोळ्या झाडल्या, त्या चुकल्या, झटापट झाली आणि तो पळाला. फोर्तांला २००६ साली ज्या कंपनीने काढलं, तिथे हे दोघेही तेव्हा एचआरमध्ये होते. दोन दिवसांनी, सुमारे पाचशे किलोमीटर दक्षिणेला, व्हालांस शहरातल्या सरकारी रोजगार केंद्रात त्याने एका सल्लागार बाईला मारलं. मग ऱ्होन नदी ओलांडून पलीकडच्या कारखान्यात गेला आणि तिथल्या एचआर प्रमुख बाईला तिच्याच ऑफिसात ठार केलं. या कारखान्यातूनही त्याला पूर्वी काढलं होतं. परतताना नदीवरच्या पुलावर पोलिसांनी त्याला पकडलं.

वर्तमानपत्रांनी त्याला ‘एचआरवाल्यांचा मारेकरी’ असं नाव दिलं. ते नावच खोटं बोलतं. रोजगार केंद्रातली बाई एचआरमध्ये नव्हती आणि त्याची फाइलही कधी तिच्याकडे आलेली नव्हती. ती त्या टेबलामागे बसली होती, एवढंच. याला सूड म्हणायचं तर सुडालाही निदान माणूस ओळखावा लागतो.

आणि ज्यांचा त्याच्याशी खरंच संबंध आला होता, त्यांचं काय? त्यांचं काम मीही केलं आहे. मी काही वर्षं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पर्सनलला होतो. मंदीच्या एका वर्षी वरून कपातीची यादी आली. यादीतलं एकही नाव मी घातलेलं नव्हतं, पण पत्रं माझ्या सहीने निघाली आणि माझ्याच हाताने वाटली गेली. लेथवरचा एक ऑपरेटर होता. त्याने पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून शर्टाला पुसला आणि विचारलं, ‘पीएफचा फॉर्म आजच भरायचा का?’ पुढे तो लेबर कोर्टात गेला. तारखेला जेवणाचा डबा घेऊन यायचा, माझ्याकडे बघायचाही नाही. तो राग त्याचा हक्क होता, आणि सही करणारा म्हणून माझीही जबाबदारी होती; ती मी नाकारत नाही. पण जबाबदारी म्हणजे जीव घेण्याचा परवाना, असं त्या माणसाच्या मनालाही शिवलं नसेल. ‘कंपनीने खुनी घडवला’ म्हणणारे त्याला आणि फोर्तांला एकाच रांगेत उभं करतात.

दुसरी पळवाट याच्या नेमकी उलट आहे: तो वेडा होता, विषय संपला. हेही मला मान्य नाही. पूर्वीच्या सहकाऱ्यांची माहिती त्याने वर्षानुवर्षं जमवली होती, आधी जाऊन ठिकाणं हेरली होती. जून २०२३मध्ये व्हालांसच्या न्यायालयाने त्याला जबाबदार धरून जन्मठेप दिली, किमान २२ वर्षं सुटका नाही अशी. खटल्यात तो बहुतेक गप्पच राहिला. ज्याची तक्रार खरी असते, तो ती सांगायची संधी अशी दवडत नाही.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. कोर्टात वर्षं जातात, मालक सुटतात; मग अन्याय झालेल्याने करायचं काय? याला उत्तर द्यावंच लागतं, आणि ते फ्रान्समध्येच आहे. फ्रान्स टेलिकॉमने २००६पासून २२,००० माणसं कमी करायचं ठरवलं आणि लोक स्वतःहून निघून जावेत म्हणून त्यांना नोकरी नकोशी करून सोडली. न्यायालयाने ३९ कर्मचाऱ्यांची प्रकरणं तपासली. त्यांतल्या १९ जणांनी आत्महत्या केली होती. कामगार संघटनेने २००९ साली तक्रार केली आणि ती सोडली नाही. डिसेंबर २०१९मध्ये कंपनीचे माजी प्रमुख दिदिए लोंबार दोषी ठरले. जिल्ह्याच्या ऑफिसातल्या कुणा कारकुनावर शेकवून प्रकरण मिटलं नाही. यादी जिथे ठरली त्या मजल्यापर्यंत कायदा चढला. शिक्षा थोडी झाली, अपिलात आणखी सौम्य झाली. मृतांच्या घरच्यांना ती तुटपुंजी वाटली असेल, तर मीही त्यांच्याच बाजूचा आहे. पण अन्यायाचा पत्ता संघटनेने बरोबर शोधला होता.

आपल्याकडे १९८२च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतल्या हजारोंची नोकरी कायमची गेली. तेव्हा हाणामाऱ्या झाल्या, रक्तही सांडलं, हे झाकायचं कारण नाही. पण त्यांतली हजारो माणसं पुढची कित्येक वर्षं रेक्झिनच्या पिशवीत गिरणीचं तिकीट आणि पीएफची स्लिप प्लास्टिकमध्ये गुंडाळून मोर्च्यांना गेली, म्हाडाच्या घरांसाठी रांगेत उभी राहिली. फोर्तांहून त्यांचं कमी गेलं होतं का?

आणि व्हालांसची ती सल्लागार. नोकरी गेलेल्या माणसांचे अर्ज बघणं, त्यांना पुन्हा कामाला लावून देणं, हेच तिचं काम. २८ जानेवारीच्या सकाळी ती त्यांच्यासाठीच येऊन बसली होती.