टी-शर्ट वाटून पुढारी तयार होत नसतात

रोवणी आटोपली. बांधीत पाणी आहे, चार दिवस हात मोकळे आहेत म्हणून लिहून रायलो. काहींना झोंबेल.

ऐन रोवणीत आमच्याकडं युवकांचं तीन दिवसांचं नेतृत्व शिबिर झालं. संस्थेचं नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. टी-शर्ट मिळाले, हातात झाडू घेऊन फोटो निघाले, शेवटी प्रमाणपत्र. चौथ्या दिवशी पोट्टे परत बांधीत, नाहीतर पोलीस भरतीच्या धावण्यात. मामा तलावाची पाळ जिथं झिरपत होती तिथंच झिरपते आहे.

शिबिरांना माझा विरोध नाही. सोमनाथला बाबा आमटेंच्या श्रमसंस्कार छावणीत मे महिन्याच्या उन्हात पोरं घाम गाळतात. शोधग्रामला ‘निर्माण’ 2006 पासून चालू आहे. पण तिथं बहुतेक बाहेरची शिकलेली पोरं येतात, समाज पाहतात, शिकून जातात. आपल्या पोरांची शाळा आपल्याच गावात आहे, तिचं नाव ग्रामसभा. आणि त्या शाळेचं दार आपण म्हाताऱ्यांनीच लावून ठेवलं आहे.

मेंढा (लेखा) आठवा. देवाजी तोफांना कुणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं. इंचमपल्ली-भोपालपट्टनम धरणांविरुद्धच्या लढ्यातून गाव जागं झालं. गोटुल बांधलं, वनखात्यानं पाडलं, गावानं पुन्हा उभं केलं. गोटुल म्हणजे तरी काय होतं? पोरापोरींनी जबाबदारी शिकायची जागाच ना! मग अभ्यासगट बसले, सर्वांचं एकमत होईस्तोवर बोलणं चाललं. 2009 ला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011 ला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाच्या हाती आलं. नेतृत्व आलं ते ठराव लिहिता लिहिता.

आता आमचं सांगतो. यंदा तेंदूच्या फळीवर एक बारावी झालेली पोरगी रोज वही घेऊन बसायची. कुणी सांगितलं नव्हतं. 70 पानांचा पुडा, 1000 पुड्यांची गोणी, हे आपल्याला तोंडपाठ. पण शेकड्यामागे चार-पाच पुडे ‘खराब’ म्हणून बाजूला जात होते, ते नेमके किती, हे फक्त तिच्या वहीत होतं. हंगाम संपल्यावर ग्रामसभेत तिनं विचारलं, बाजूला काढलेले पुडे गेले कुठं? ठेकेदाराचा माणूस गप्प. आणि आमच्यातला एक वडीलधारा काय म्हणाला? “बस वो बाई, तुले काय समजते.” ती बसली. मीही गप्प बसलो, हे कबूल करतो.

मग आपणच पारावर बसून म्हणतो, आजकालच्या पोरांना गावाचं काही पडलेलं नाही. कसं पडेल? हिशेब विचारला की बस म्हणता, मंडप बांधायचा असला की या म्हणता.

कृषीच्या साहेबांनाही एक विनंती. ‘युवा शेतकरी’ प्रशिक्षणाची यादी सातबारा पाहून करू नका. सातबारा बापाच्या नावावर, त्याच्यानंतर भावाच्या. परे उपटणारी, चिखलात रोवणारी, मोह वेचणारी पोरगी तुमच्या यादीत कधी येणारच नाही.

अजून एक. तलावाच्या पाळीवर एक दिवस माती टाकणं हे श्रमदान, त्याले पैसे मागू नये. पण पंधरा-वीस दिवस फळीवर बसून मोजमाप लिहिणं हे काम आहे जी. त्याची रोजी ग्रामसभेच्या निधीतून द्या. फुकट राबवलं की पुढच्या वर्षी तीच पोरं मिरची तोडायला तेलंगणात जातात, आणि वही कोरी राहते.

पुढच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे: तेंदू समितीचं रजिस्टर तिशीच्या आतल्या दोघांकडं, त्यात एक मुलगी, रोजी ठरवून. आणि तिचा तो प्रश्न पुन्हा विषयपत्रिकेवर, पहिल्या क्रमांकाला. ज्याला विरोध करायचा त्यानं तिथं येऊन, तिच्यासमोर उभं राहून करावा. सध्या इतकंच, करपा दिसतो का ते पाहायला खालच्या बांधीत जातो.