जादू वाचणाऱ्याची कैफियत

"चाळिशी उलटली न बे तुही? अन् हे काय राक्षस-जादूगार वाचून राहिला?"

गेल्या दिवाळीत हिंगणघाटला काकांकडे गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. दुपारी झोपाळ्यावर पुस्तक घेऊन पडलो होतो आणि मुखपृष्ठावर पंख पसरलेला ड्रॅगन होता. काका निवृत्त गणिताचे मास्तर. गेली कित्येक वर्षं शाळाशाळांतून चमत्काराचे प्रयोग करून दाखवतात (नारळातून करणी काढणं, जिभेवर कापूर जाळणं वगैरे) आणि मग पोरांना त्यातली युक्ती समजावून सांगतात. त्यांच्या सख्ख्या पुतण्याने जादूची पुस्तकं वाचावीत हे त्यांना झोंबलं. "तुह्या बापाचं काय झालं ते विसरला का?" एवढं बोलून आत निघून गेले.

विसरलेलो नाही. म्हणून तर हे लिहितोय.

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. मी नववीत असेन, म्हणजे नव्वदचं दशक. लागोपाठ दोन वर्षं कापूस हातचा गेला होता आणि सावकार दारात होता. त्याच सुमारास गावात एक मांत्रिक येऊ लागला. त्याने बाबांना सांगितलं की तुमच्या पडक्या वाड्यात, गोठ्याच्या खाली गुप्तधन आहे, आणि त्यावर नाग बसलाय. नाग हलवायचा तर पूजा, पूजेला सामान, सामानाला पैसे. बैलजोडी गेली. आईच्या पाटल्या गेल्या. गोठा कमरेएवढा खणला तेव्हा एका फुटक्या रांजणाची कड निघाली आणि बाकी नुसती माती. मांत्रिक म्हणाला, नाग धन घेऊन खाली सरकला, पुन्हा पूजा करावी लागेल! काकांनी भांडून त्याला हाकललं. पण त्या दिवशी दोघा भावांचं बोलणं बंद झालं, ते बाबा जाईपर्यंत बंदच राहिलं.

काकांचं म्हणणं असं, की आजीने लहानपणी धनावरच्या नागाच्या गोष्टी सांगितल्या, त्या डोक्यात घर करून बसल्या, आणि पुढे त्याच बाबांना भोवल्या. गोष्टीच वाईट. मला हे कधीच पटलं नाही.

बाबा मला एकदा गिरडला घेऊन गेले होते. समुद्रपूर तालुक्यातलं गिरड, शेख फरीदबाबांचा दर्गा असलेली टेकडी. ज्यांनी ती पाहिलीय त्यांना तिथले गोल गोल दगड आठवत असतील. कथा अशी, की व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांच्याजवळचा नारळ-जायफळाचा सगळा माल दगड झाला. खरं तर ते आपल्या काळ्या बसाल्टात तयार होणाऱ्या झिओलाइट नावाच्या खनिजाचे गोळे. बाबांना 'झिओलाइट' हा शब्द ठाऊक नव्हता, पण एक दगड माझ्या हातावर ठेवून ते हसत म्हणाले होते, "फोडून पाय, खोबरं निघते का." गोष्ट त्यांनी रंगवून रंगवून सांगितली होती, आणि तरी ती गोष्ट आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. मग याच माणसाने गोठा का खणला? मला विचाराल तर कर्जामुळे. आजीला यात ओढू नये.

आता त्या पुस्तकाबद्दल. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन बाईंची 'अर्थसी' नावाची मालिका आहे. पहिलं पुस्तक १९६८ चं, शेवटची दोन २००१ ची. नायक गेड हा डोंगरात शेळ्या राखणारा, सावळ्या-तांबूस रंगाचा पोरगा. (हे वाचल्यावर मी जरा सावरून बसलो. इंग्रजी पुस्तकातले जादूगार गोरे असतात अशी माझी समजूत होती.) तिथे प्रत्येकाचं एक खरं नाव असतं आणि ते गुप्त ठेवायचं असतं. गेड तेरा वर्षांचा झाल्यावर गुरू ते त्याच्या कानात सांगतो. आपल्याकडे बारशाला आत्या कुर्रर्र करते तेच की! ज्याला खरं नाव कळलं, त्याची सत्ता चालते.

पण या मालिकेत मला गुंतवून ठेवलं ते तिथल्या जादूच्या किमतीने. एका ठिकाणी पाऊस पाडला तर दुसरीकडे दुष्काळ पडू शकतो, म्हणून शहाणे जादूगार सहसा हात लावत नाहीत. पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या वर्ध्याच्या माणसाला हे पटकन कळतं. गेड तरुणपणी फुशारकीपायी मेलेल्या राणीचा आत्मा बोलावतो. त्यातून एक काळी सावली सुटते, त्याचा चेहरा फाडते, आणि फाटलेलं ते दार बंद करताना आश्रमातला सगळ्यात थोर म्हातारा जीव गमावतो. पुढे तो एका गरीब बेटावर राहतो. शेजारच्या होड्या बांधणाऱ्याचं लेकरू तापाने फणफणलेलं असतं. गेड जिवापाड प्रयत्न करतो आणि लेकरू जातं. कोणता मांत्रिक तुम्हाला सांगेल की मला जमलं नाही? आमच्या मांत्रिकाचा नाग मात्र सोयीने खाली सरकला.

आणि ड्रॅगन. तोही आपल्या धनावर बसलेला. गेड जुने इतिहास अभ्यासून त्याचं खरं नाव ताडतो आणि त्याला जागच्या जागी खिळवतो. ड्रॅगन म्हणतो, तुझ्यामागे लागलेल्या सावलीचं नाव सांगू का? म्हणजे त्याचा स्वतःचा जीव वाचण्याची सोय. गेड ते नाकारतो, धनही मागत नाही. तो एवढंच वदवून घेतो, की यापुढे तू आणि तुझी पिल्लं त्या कोळ्यांच्या बेटांवर येणार नाहीत. हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला आमचा गोठा आठवला.

अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा हवाच होता. डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर २०१३ मध्ये तो आला, त्यात मौल्यवान वस्तू शोधण्यासाठी केलेले अघोरी प्रकारही आलेत. काकांचे प्रयोगही हवेत. पण त्या पोरांच्या हातून गोष्टी काढून घेऊ नका, एवढंच माझं म्हणणं आहे. गोष्टीतल्या जादूगाराला नियम पाळताना पाहिलेल्या पोराला, फुकटात हंडा काढून देणारा बुवा निदान थोडा तरी संशयास्पद वाटेल. खात्री नाही देत. बाबांनाही गोष्टी ठाऊक होत्याच की.

असो. निघताना पुस्तक काकांच्या टेबलावर ठेवून आलो, मुद्दाम. पंधरा दिवसांनी फोन आला.

"तो म्हातारा काहून मेला बे? पोट्ट्याच्या पायी?"

"हो काका."

बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाले, "बरं, तुह्याकडं तुरीले शेंगा धरल्या का?"