महाग काय, स्वस्त काय?

“डॉक्टरसाहेब, या प्लास्टिकच्या नळकांड्याला एवढे पैसे?” दम्याच्या मुलासाठी स्पेसर लिहून दिला की माझ्या इंदूरच्या दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो. पूर्वी पालकांच्या खिशाचा विचार करून मीही केवळ इन्हेलर लिहीत असे. असाच एक पाच वर्षांचा मुलगा मध्यरात्री धापा टाकत परत आला. दोष औषधाचा नव्हता, माझ्या भिडेचा होता.

फवारा थेट तोंडात मारल्यास बरेचसे औषध घशातच चिकटते. शिवाय फवारा आणि श्वास यांचा मेळ लहानग्यांना साधत नाही. स्पेसरमध्ये फवाऱ्याचा वेग मंदावतो, मोठे थेंब आतच राहतात आणि मूल संथ श्वासाने औषध घेते. महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन, न पुसता वाळवला की तो दीर्घकाळ साथ देतो.

त्याच्या किमतीला शांत झोपेच्या रात्रींनी भागून पाहावे. याहून स्वस्त खरेदी क्वचितच सापडेल. समव्यवसायी बंधुभगिनींना विनंती एवढीच, की स्पेसर लिहितानाच तो वापरून दाखवावा. वापरायला न शिकवलेली वस्तू मात्र खरोखरच महाग पडते.