राजाला जाब कोण विचारणार?

२०२३ साली इस्राएलमध्ये न्यायालयाच्या अधिकारांवरून महिनोन्महिने निदर्शने झाली. त्या जुलैत संसदेने, म्हणजे क्नेसेटने, सरकारचे अवाजवी निर्णय रद्द करण्याचा न्यायालयाचा अधिकार काढून घेतला. १ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध सात मतांनी तो कायदाच रद्द केला. लोकांनी निवडलेल्या संसदेवर न्यायाधीशांची मात्रा का चालावी, हा कायद्याच्या समर्थकांचा प्रश्न. सत्तेला आवर कोण घालणार, हा विरोधकांचा. यहुदी शास्त्राभ्यासाला हा दुसरा प्रश्न नवा नाही.

अनुवादाच्या सतराव्या अध्यायानुसार राजाने घोडे, बायका व सोने-रुपे यांचा हव्यास धरू नये. नियमशास्त्राची प्रत जवळ ठेवून ती आयुष्यभर वाचावी. उलट शमुवेल संदेष्टा लोकांना बजावतो, की राजा तुमची मुले व शेतमळे हिरावून घेईल. तालमूदमध्ये रब्बी यहूदा राजा नेमणे ही आज्ञा मानतात, तर रब्बी नहोराय ती लोकांच्या कुरकुरीमुळे दिलेली सवलत समजतात. बाराव्या शतकात मायमोनिदीस यांनी पहिले मत स्वीकारले. मात्र राजाने देवाची आज्ञा मोडावयास सांगितल्यास त्याचे ऐकू नये, असेही नोंदविले. स्पेनच्या राजदरबारी सेवा करूनही १४९२ मध्ये हद्दपारी भोगलेल्या इसहाक अब्राबानेल यांनी तर राजेशाहीची गरजच नाकारली.

परक्या देशातील निष्ठेचाही विचार झाला. राज्याचा कायदा हा कायदाच होय, असे तिसऱ्या शतकात बाबेलमध्ये शमुवेल या आचार्यांनी ठरविले. तो कायदा सर्वांना सारखा असावा; एकालाच लुबाडणारा हुकूम ही चोरी होय, असा खुलासा मायमोनिदीस यांनी केला.

तालमूदमधील एक कथा येथे विशेष मननीय आहे. यान्नय राजाच्या दासाने खून केला. शिमोन बेन शताह यांनी राजाला न्यायसभेपुढे उभे राहण्यास सांगितले. ‘इतरांचे मत काय?’ असे राजाने विचारताच उजवीकडच्या व डावीकडच्या सर्व न्यायाधीशांनी माना खाली घातल्या. पुढे नियम झाला, की इस्राएलच्या राजाने न्याय करू नये आणि त्याचाही न्याय होऊ नये. दावीदाच्या वंशातील राजांना मात्र ही सूट नव्हती.

निवडून आलेली संसद म्हणजे यान्नय राजा नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही त्या कथेत राजाने नियम मोडण्याआधी न्यायाधीशांनीच तो सोडून दिला होता. नाथान संदेष्ट्याने दावीदाला त्याचे पाप तोंडावर सांगितले, तो प्रसंग आपणही मंदिरात ऐकतो. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करणे हे आपले कर्तव्य आहेच. त्यांना प्रश्न विचारणे हाही त्या निष्ठेचाच भाग आहे, असे आम्हांस वाटते.