त्यात काय सांगायचं?



घरातल्या म्हाताऱ्या बाईला तिच्या आयुष्याविषयी विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ‘त्यात काय सांगायचं?’ समाजकार्याचं शिक्षण घेताना वस्त्यांमध्ये मुलाखती घ्यायचे तेव्हा हे ऐकलं, पुढे कामाच्या निमित्ताने गावोगाव ऐकलं आणि गेल्या वर्षी माझ्या आजीच्या तोंडूनही ऐकलं. पुरुष नोकरी, शेती, निवडणुका, भाऊबंदकी सगळं सांगायला बसतो. बाईला मात्र वाटतं की आपलं आयुष्य म्हणजे रांधणं, वाढणं, बाळंतपणं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. याला आपण तिचा साधेपणा म्हणतो. खरं तर तिला आयुष्यभर कोणी काही विचारलेलंच नसतं.

मराठीत स्त्रियांनी स्वतःविषयी लिहिण्याची परंपरा मोठी आहे. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून येऊ लागली. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ नवऱ्यापासून लपवून लिहिलं. पण या सगळ्यांच्या हाती लेखणी तरी होती. जिच्या हाती ती आलीच नाही, तिच्यासाठी कोणीतरी ऐकणारी लागते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या मुलाखती घेऊन १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ही कामं मोठी, अनेक वर्षांची. आपल्या घरातल्या एका बाईचं ऐकून घेण्याचं काम मात्र आपल्यापैकी प्रत्येकीला करता येण्याजोगं आहे.

माझी आजी सातारा जिल्ह्यातली. माहेर पाटण तालुक्यात, सासर माणमध्ये. आजोबा मुंबईत गिरणीत होते, ती गावाकडे. आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी आहे, म्हणजे कोणालाच ती ठाऊक नाही. ‘तुझं लग्न कितव्या साली झालं?’ असं विचारलं की ती गप्प होते. ‘भूकंप झाला तेव्हा घरात कोण कोण होतं?’ असं विचारलं की सगळं घर उभं करते. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. ती म्हणाली, ‘तुझा बा रांगत हुता. त्याला उचलला आन् भायेर पळाले. त्याच्या आधीची दोगं असती तर कुणाकुणाला उचललं असतं?’ आधीची दोघं! माझे वडील थोरले, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यांच्या आधी एक मुलगी आणि एक मुलगा झाला होता आणि दोघंही वर्षाच्या आत गेली होती, हे वडिलांनासुद्धा माहीत नव्हतं. कोणत्याही कागदावर त्या मुलांची नोंद नाही. ती फक्त आजीच्या मोजणीत होती.

मग एकेक येत गेलं. मनिऑर्डर सासऱ्यांच्या नावाने यायची, त्यामुळे नवरा महिन्याला किती पाठवतो हे तिला कधीच कळलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली. मुकादमाची हजेरी, तांबडा मिलो, कामावर मिळणारी सुकडी पदराला बांधून घरच्या पोरांसाठी आणणं, हे ती अशा बारकाईने सांगते की हातातली हातोडी दिसते. आणि हसत एक सांगितलं: त्या कामावरची मजुरी हा तिच्या हातात पडलेला पहिला पैसा. त्यातल्या काही रुपयांची तिने स्वतःसाठी वहाण घेतली. रोजगार हमीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्या वहाणेविषयी आजीला विचारल्याशिवाय मला कळलं नसतं.

ऐकण्याची पद्धत अनुभवाने सापडत गेली, ती इथे सांगते. समोर बसवून मुलाखत घेऊ नये, बाई अवघडते. शेंगा फोडताना, धान्य निवडताना शेजारी बसावं, मोबाईलवर ध्वनिमुद्रण सुरू करावं, पण तिला सांगून. साल विचारू नये, पाऊस, दुष्काळ, भूकंप, कोणाचं बाळंतपण, कोणत्या गायीचं वेत असं विचारावं. घरातले पुरुष बाहेर असतील अशी वेळ धरावी. मुलगा आत आला की आजीचा आवाज बदलायचा आणि ‘मी’ची जागा ‘आम्ही’ घ्यायचं. ती थांबली तर आपण लगेच बोलू नये, थोड्या वेळाने ती स्वतःच पुढे जाते. लिहून काढताना तिची बोली पुस्तकी करू नये. आणि लिहिलेलं तिला पूर्ण वाचून दाखवावं. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण खरा प्रश्न तिथेच उभा राहतो.

आमच्याकडे तो जमिनीवरून उभा राहिला. आजीचे वडील भूकंपानंतरच्या वर्षी वारले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या मिळकतीत मुलीला वाटा मिळाला होता, पण ते तिला सांगतंय कोण? भाऊ तिला तालुक्याला घेऊन गेला, कचेरीत कागदावर अंगठा घेतला, परतताना लुगडं-चोळी घेऊन दिली. ते हक्कसोडपत्र होतं, हे तिला पुष्कळ वर्षांनी समजलं. पुढे १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, तोही त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. २००५ साली देशाचा कायदा बदलला. आजीचा अंगठा मात्र केव्हाच उमटून गेला होता. ‘कळलं आसतं तरी दिला आसता,’ ती म्हणाली. ‘भावाचं दार बंद झालं तर बाईनं जायाचं कुठं?’ मग जरा वेळाने, ‘पर इचारायला तर पायजे हुतं.’

हे लिहिलेलं घरात वाचलं गेलं आणि वाद सुरू झाला. काका म्हणाले, जुनं उकरून काय मिळणार, मामांशी संबंध बिघडतील. चुलत बहीण म्हणाली, सगळं नावानिशी छापा. दोघंही आपापल्या परीने बोलत होते आणि दोघांनीही आजीला विचारलं नव्हतं! पुन्हा एकदा तिच्या वाट्याचा निर्णय दुसरेच घेत होते. तिला विचारलं तेव्हा तिने दोन दिवस घेतले आणि स्पष्ट सांगितलं. भावाचं नाव कुठेही यायचं नाही. गेलेल्या दोन मुलांविषयी घराबाहेर बोलायचं नाही, असं ती आधी म्हणाली, नंतर स्वतःच म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे, निदान कुटं तरी ऱ्हातील.’ आणि अंगठ्याची गोष्ट गावातल्या बचत गटात वाचायची, कारण तिथल्या सुनांना ती कळली पाहिजे.

त्याप्रमाणे ती वाचली. आजी भिंतीला टेकून ऐकत होती. वाचून झाल्यावर एकीने विचारलं, हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी मुदत मागता येते का? दुसरीने सांगितलं, तिच्या भावाने पुढच्याच आठवड्यात तिला तालुक्याला बोलावलं आहे. पुढचा तासभर आम्ही सातबारा, वारसनोंद आणि हक्कसोडपत्र यांवर बोलत होतो. कायद्याची शिबिरं मी अनेक घेतली आहेत. इतके नेमके प्रश्न त्यांत क्वचित आले.

व्यक्तिगत तेच राजकीय, असं आपण चळवळीत वर्षानुवर्षं म्हणत आलो. एका बाईची आठवण दुसरीच्या हाती पोचते तेव्हा त्याचा अर्थ कळतो. मात्र ती आठवण सांगणारीच्या मालकीची आहे. किती सांगायचं, कोणाला सांगायचं, काय झाकून ठेवायचं हे तिने ठरवायचं. ज्या बाईच्या नावावर घर नाही, शेत नाही, तिची निदान गोष्ट तरी तिच्या नावावर राहू द्या.

आणि घाई करा. आपल्या आज्या, आत्या, मावश्या, सासवा ऐंशीच्या घरात आहेत. ‘दिवाळीच्या सुट्टीत बसू’ असं म्हणता म्हणता ऐकू येणं कमी होतं, नावं विसरायला होतात.

पुढच्या अंकापासून काही पानं या आठवणींसाठी राखून ठेवत आहोत. घरातल्या किंवा शेजारच्या एका वृद्ध स्त्रीचं ऐका, तिच्याच बोलीत लिहून काढा, तिला वाचून दाखवा आणि तिने होकार दिलेला तेवढाच भाग आमच्याकडे पाठवा. नावं बदलायची असतील तर तसं कळवा. एखादीने सगळं सांगून शेवटी ‘छापू नका’ म्हटलं, तर ते लिखाण तुमच्याजवळ नीट जपून ठेवा आणि तिने तसं का म्हटलं, हे तिच्या परवानगीने आम्हाला दोन ओळींत कळवा. त्यावरही आपल्याला बोलायचं आहे.