अनुभवी कीं तरुण?

वडीलधाऱ्यांनीं भार केव्हां उतरावा आणि तरुणांनीं तो केव्हां उचलावा, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या कुटुंबांत कधीं ना कधीं उपस्थित होतोच. अमेरिकेंतील फुटबॉलसंघांस तर तो दरवर्षीं सोडवावा लागतो. म्हणून त्यांचें उदाहरण आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. त्यांत चेंडू हातानें फेंकतात, आणि फेंकणाऱ्या नायकापुढें पांच धिप्पाड गडी तटासारखे उभे असतात. चालून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांस थोपवावें, हें त्यांचें एक मोठें काम. परंतु तें केवळ बळानें साधत नाहीं. शेजाऱ्याच्या हातून निसटलेला गडी आपण केव्हां घ्यावयाचा, हें न बोलतां समजावें लागतें. मधल्या तिघांस दोन्ही बाजूंस सोबती असतात; टोंकाच्या दोघांस एकाच बाजूस.

मग सर्व अनुभवीच कां घेऊं नयेत? १९९४ पासून संघांच्या वेतनखर्चास वार्षिक मर्यादा आहे. मुरलेला गडी महाग; नवख्याचा पहिला करार स्वस्त. शिवाय वयाबरोबर दुखापतीही येतात.

कॅन्सस सिटीच्या संघाचा इतिहास या बाबतींत बोधप्रद आहे. फेब्रुवारी २०२१ च्या अंतिम सामन्यांत टोंकांचे दोन्ही अनुभवी रक्षक जायबंदी असल्यामुळें तट ढासळला, आणि टँपा बे संघानें ३१–९ असा विजय मिळविला. चालकांनीं त्या दोघांस निरोप देऊन पांचही जागा नव्यानें भरल्या. पांच हंगाम खेळलेला जो थूनी आणला, डावें टोंक अनुभवी ऑर्लंडो ब्राऊनकडे दिलें, आणि क्रीड हम्फ्री व ट्रे स्मिथ हे नवखे मध्यें उभे केले. फेब्रुवारी २०२३ च्या अंतिम सामन्यांत त्यांच्या नायकास चेंडूसह एकदांही पाडतां आलें नाहीं. संघ ३८–३५ असा जिंकला.

पुढें २०२४ सालीं डावें टोंकच एका नवख्याकडे सोंपविलें. दुसऱ्याच सामन्यांत त्यास बाजूस करावें लागलें, आणि अखेरीस थूनीस आपली जागा सोडून तेथें जावें लागलें. फेब्रुवारी २०२५ मध्यें फिलाडेल्फियानें नायकास सहा वेळां पाडून ४०–२२ असा सामना जिंकला. त्या वर्षीं थूनी शिकागोस गेल्यावर मात्र त्याची मूळ, आंतली जागा त्याच तरुणास मिळाली.

फिलाडेल्फियाच्या डाव्या टोंकास होता जॉर्डन मैलाटा. हा ऑस्ट्रेलियाचा रग्बी खेळाडू. २०१८ मध्यें निवड झाली तेव्हां हा खेळ त्यानें कधीं खेळला नव्हता. पहिलीं दोन वर्षें तो एकाही सामन्यांत उतरला नाहीं. जेफ स्टाऊटलंड या गुरूच्या हाताखालीं शिकत राहिला, आणि २०२० मध्यें उभा राहिला तो टिकला.

हम्फ्री पहिल्याच वर्षीं तयार होता, मैलाटास दोन वर्षें लागलीं. ज्याची त्याची पक्व होण्याची घटिका निराळी. ती ओळखणें हें वडिलांचें काम. तोंवर तरुणास दोन्ही बाजूंस आधार असेल अशी जागा द्यावी. त्यास एकदम टोंकास उभें करणें हा विश्वास नव्हे, आणि कधींच उभें न करणें ही माया नव्हे.