पराभूत नायिकेची बाजू

कथा-कादंबरीतील पीडित व्यक्तीला अखेरीस न्याय मिळालाच पाहिजे, असा आग्रह आपल्याकडे वारंवार धरला जातो. हा आग्रह सद्‌हेतूचा असला तरी साहित्याला मारक आहे.

दोन यमुनांचे उदाहरण घ्या. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मधील यमुना पतीसह प्रवास करते, विधवांची दुःखे पाहते, स्वतः विधवा होते आणि पुढे ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. विधवांच्या छळाला वाचा फोडणाऱ्या या कादंबरीचे ऐतिहासिक मोल निर्विवाद आहे. परंतु तिच्यातील उत्तर लेखकाजवळ आधीच तयार आहे. यमुनेला ते झगडून मिळवावे लागत नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ (१८९० ते १८९३) मधील यमूला मात्र उत्तर मिळतच नाही. पतीच्या प्रोत्साहनाने ती शिकते. विधवा होताच तिचे बळजबरीने केशवपन होते. अखेर ती मरते. तरीही व्यक्ती म्हणून वाढते ती हीच, कारण आपली कहाणी ती स्वतःच्या तोंडाने सांगते. समाज तिला जिंकतो, पण गप्प करू शकत नाही.

यात श्रद्धेचा अधिक्षेप मुळीच नाही. क्रूस चुकवून पुनरुत्थान गाठता येत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? मग आपल्याच लेखकांनी पात्रांच्या खांद्यावरचा क्रूस घाईघाईने का उतरवावा? सुखान्ताने वाचकाचे समाधान होते. समाजाला जाब विचारला जात नाही.